मागची अर्धी गाडी

धाकट्यानं आपल्या सख्ख्या थोरल्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला.

असं काही झालेलं नाही. घरात कुणालाही विचारा. वहिनी म्हणेल, पाय आपोआप मोडला. आबा म्हणतील, कुठला पाय? आणि खुद्द थोरला, ज्याचा तो पाय, तो म्हणेल की आमच्या घरात पाय मोडायची पद्धतच नाही. तेव्हा वरचं वाक्य आपणही वाचलं नाही असं समजू आणि पावसापासून सुरुवात करू. दोष द्यायला पाऊस बरा पडतो; तो उलटून बोलत नाही.

पाऊस नको तेव्हा आला. कोबी सगळा हंगाम तहानलेली, कशीबशी गड्डा धरून बसलेली. त्या एका रात्रीत ती अधाशासारखी पाणी प्यायली आणि सकाळी फुटायला लागली. कोबी फुटते तेव्हा आवाज होतो. धाकटा बांधावर उभा राहून ऐकत होता. जवळ कुठंतरी कट्. मग लांब, थोरल्याच्या तुकड्यात, कट्. सबंध शेत त्याच्या नावानं बोटं मोडत होतं.

"दादा, आजच काढायला पाहिजे," तो बांधापलीकडे ओरडला.

"मग काढ की. मी काय गड्ड्यांवर बसून अंडी उबवतोय?"

"काढीन. पण न्यायची कशात?"

चौकात भाजीचा मोठा ट्रक आला होता, तो दुपार ओलांडली की निघून जाणार होता. फुटलेली कोबी दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि तिसऱ्या दिवशी तिला जनावरंसुद्धा हुंगून सोडून देतात. दोघांच्या वर्षाची कमाई त्या चिखलात गोल गोल बसून होती, आणि चौकापर्यंत जायला घरात एकच गाडी होती. जुनी, छोटी, मागं उघडा हौदा असलेली. आणि ती गाडी कुणा एकाची नव्हती.

गाडीची वाटणी झाली होती.

जमीन वाटली, घर वाटलं, अंगणात मधोमध भिंत घातली, तोवर सगळं ठीक चाललं होतं. गाडीपाशी येऊन अडलं. दोघं त्या दिवशी अंगणात असे भिडले की सोडवल्यावर धाकट्याच्या कानाची पाळी थोरल्याच्या दातांत राहिली होती. खाटेवर बसलेल्या आबांना वीट आला. दाराला लावून उरलेल्या निळ्या रंगाचा डबा घेऊन ते उठले आणि ड्रायव्हरच्या खोलीमागं गाडीवर वरपासून खालपर्यंत एक पट्टा ओढला. मग म्हातारा गाडीखाली सरपटत गेला आणि चाकांकडे जाणाऱ्या लोखंडी शाफ्टभोवतीसुद्धा ब्रश फिरवून आला.

"पुढची याची, मागची त्याची," ते म्हणाले. "आता मरा."

दुसऱ्या कुणाची पोरं असती तर शरमेनं मान खाली घातली असती. या दोघांनी टेप आणून पट्टा सरळ आलाय का ते तपासलं.

तेव्हापासून इंजिन, स्टिअरिंग, सीट आणि हॉर्न थोरल्याचा. हौदा, मागची चाकं, डिझेलची टाकी आणि धूर धाकट्याचा. किल्ली एकाकडे, डिझेल दुसऱ्याकडे. थोरला चालवायचा आणि धाकटा मागं हौद्यात उभा राहायचा. पुढं शेजारची सीट रिकामी असली, वरून ऊन आग ओकत असलं, तरी मागंच. "दुसऱ्याच्या घरात कशाला बसू?" तो म्हणायचा. थांबायचं असेल तर छपरावर दोन थापा मारायच्या. तेवढीच एक भाषा दोघांत उरली होती.

गेले काही दिवस गाडी सुटताना खालून टक् वाजायचं आणि चालताना चिमणी कोंडल्यासारखी चिवचिव यायची. दोघांना ऐकू यायची. दोघांना ती दुसऱ्याच्या अर्ध्यातून येतेय असं वाटायचं. त्या सकाळी थोरल्यानं गाडी शेताकडे काढली, चिखलात जोर दिला, आणि खालून असा दणका बसला की आबांच्या खाटेवरचा तांब्या लवंडला.

दोघं दोन बाजूंनी गाडीखाली गेले.

इंजिनाचा फेर मागच्या चाकांना पोचवतो तो शाफ्ट; दोन तुकडे मधे दातेरी खोबणीनं एकमेकांत सरकवून बसवलेला. रस्ता वरखाली झाला की त्याला वाकता यायला हवं, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो. टोकाला दोन बोटांचा लोखंडी काटा, समोर तसाच दुसरा, आणि दोघांना धरून ठेवणारा अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. थोरल्यानं पुढचं टोक धरून हलवलं. खडखड. धाकट्यानं मागचं हलवलं. खडखड.

"तुझा क्रॉस गेलाय," थोरला म्हणाला.

"तुझा आधी गेलाय. तुझ्यामुळं माझा गेला."

"माझ्या क्रॉसनं तुझ्या क्रॉसला काय चावा घेतला?"

धाकट्यानं तुटक्या कानाला हात लावला. "तुमच्याकडे तशी पद्धत आहे."

गॅरेजला न्यायचा प्रश्नच नव्हता. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं पाटी लावली नव्हती, पण हे दोघं एकत्र दिसले की तो शटर ओढायचा. मागच्या खेपेला त्याच्याच टायर लिव्हरनं दोघं भांडले होते आणि मोडलं होतं ते त्याचं नाक. म्हणजे काम घरीच करायचं होतं, आणि ट्रक निघायच्या आत.

स्पेअरपार्टचं दुकान एक मावशी चालवायच्या. धाकटा सायकल मारत तिथं पोचला.

"क्रॉस द्या एक."

"जोडी घे. एक गेला की दुसरा जातोच."

"दुसरा माझा नाही."

मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "बरं. शाफ्ट मधल्या खोबणीतून सुटा करणार असशील तर आधी छिन्नीनं दोन्ही भागांवर मिळून एक खूण कर. बसवताना खूण खुणेला भिडली पाहिजे, म्हणजे दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत येतात. नाही आले तर आपसात भांडत बसतात आणि मधल्या मधे शाफ्टचा जीव जातो. कळलं?"

"कळलं."

तो दुकानातून निघाला आणि समोरून थोरला पायी येताना दिसला. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. थोरल्यानं आत जाऊन एक क्रॉस मागितला. मावशींनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. म्हणजे कुणाला कमी सांगितलं आणि कुणाला जास्त, असं पुढं कधी म्हणायला जागा राहिली नाही.

घरी गाडी उचलली. जॅक थोरल्याचा, त्याखालचा ठोकळा धाकट्याचा. पुढचे बोल्ट थोरल्यानं सोडायचे, मागचे धाकट्यानं. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पाना घसरला की बोटांची सालं निघत होती. गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडत होते आणि पाठीखालचा चिखल हळूहळू चड्डीत शिरत होता.

"शेवटचा सोडताना सांग," धाकटा म्हणाला. "शाफ्ट खाली येईल."

"हो हो."

थोरल्यानं शेवटचा बोल्ट सोडला आणि मग सांगितलं. शाफ्टची नळी धाकट्याच्या तोंडावर आली. ओठ फाटला, वरचा एक दात मुळापासून हलला. तो काही बोलला नाही. तोंडातलं रक्त त्यानं बाजूला थुंकलं, शाफ्ट दोन्ही हातांनी धरला आणि मागं असा हिसडला की थोरल्याचा अंगठा काट्यात चेंगरला. आता थोरला बोलला. तो जे बोलला त्यात दोघांची आई होती, त्यामुळे ते दोघांनाही सारखंच लागू होतं.

शाफ्ट अंगणात आणला. मधल्या खोबणीतून तो दोन भागांत सुटणार होता: पुढचा आखूड तुकडा थोरल्याचा, मागची लांब नळी धाकट्याची. खूण करायची तर एकानं छिन्नी धरायची आणि दुसऱ्यानं हातोडा मारायचा. छिन्नी धाकट्याच्या मुठीत आली आणि हातोडा थोरल्याच्या. हा क्षण दोघांनाही आवडला नाही.

"हात कापतोय तुझा," थोरला म्हणाला.

"हातोडा तुझ्याकडे आहे, म्हणून कापतोय."

थोरल्यानं एकदाच मारला आणि बरोबर मारला. सांध्यावर आडवी, खोल, चकचकीत रेघ उठली. अर्धी याच्या लोखंडावर, अर्धी त्याच्या. मग दोघांनी दोन बाजूंनी ओढून शाफ्ट सुटा केला आणि आपापला तुकडा घेऊन भिंतीच्या आपापल्या बाजूला गेले.

इथं खरी अडचण सुरू झाली. घरात हातोडा एकच होता. आबांचा. त्याची वाटणी झाली नव्हती, कारण आबांच्या हातात हातोडा असताना वाटणीचं विचारायला कुणी गेलं नव्हतं.

जुना क्रॉस काढणं म्हणजे मारामारीच असते. काट्याच्या बोटांत चार टोपीसारखे कप घट्ट बसलेले असतात. ते एका बाजूनं ठोकून दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचे. धाकट्यानं चिमट्यानं कपांना अडवणारी तारेची लॉकं काढली. एक लॉक उडालं आणि भुवईत घुसलं. ते उपटून त्यानं चौथऱ्याच्या दगडावर काटा टेकवला, खाली पान्याची मोठी पोकळ गोटी, वर लहान गोटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला, "हातोडा!"

"आला!" पलीकडून उत्तर आलं आणि भिंतीवरून हातोडा आला. तो चिखलात रुतला. धाकट्यानं उचलला आणि ठोकायला लागला. चौथ्या घावाला कप हलला, पाचव्याला त्याचं बोट सापडलं. नखाखाली निळं पसरताना तो बघत राहिला. आबांनी काढलेल्या पट्ट्याचा रंगही असाच होता.

"हातोडा!" पलीकडून.

"आला!"

असा हातोडा जात-येत राहिला. एकदा तो वहिनीच्या घागरीवर पडला. एकदा आबांच्या खाटेच्या पायाला लागला आणि आबा झोपेतच म्हणाले, "आत या." दोन-चार खेपांनंतर 'आला' हा शब्द गळून पडला. मग नुसताच हातोडा यायला लागला.

धाकट्याचा जुना क्रॉस निघाला. आत ग्रीस उरलं नव्हतं, नुसता तांबडा भुगा. कपांतल्या बेअरिंगच्या सुया झिजून गव्हाच्या कोंड्यासारख्या झाल्या होत्या. नवा क्रॉस त्यानं काट्यात धरला, नव्या कपात ग्रीस भरलं, त्या ग्रीसमध्ये बारीक सुया कडेनं उभ्या राहिलेल्या एकवार तपासल्या आणि कप ठोकायला घेतला. अर्ध्यात कप अडला. त्यानं जोरात मारलं. बसेना. पुन्हा काढला आणि हातोडा पलीकडे टाकला. एक सुई आडवी पडून तळाशी झोपली होती. ग्रीसनं बरबटलेल्या, फुटलेल्या बोटांनी ती एक सुई उभी करायला तो धडपडत होता, भिंतीपलीकडे शेत कट् कट् करत होतं, आणि तेवढ्यात न सांगता आलेला हातोडा त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला.

सुई उभी राहिली. धाकटा खाली बसला.

हात वर होईना. त्यानं दुसऱ्या हातानं कप बसवला, हातोड्यानं ठोकला, चारही लॉकं घातली, क्रॉस बोटानं फिरवून बघितला. छान, लोण्यासारखा फिरत होता. काम पुरं झालं. मग त्यानं हातोडा परत पाठवला. त्या खेपेला हातोडा उंचावरून गेला नाही, भिंतीच्या माथ्याला घासून सरळ गेला. पलीकडे थोरला क्रॉसचं शेवटचं लॉक बसवून नुकताच उभा राहत होता.

ढब्ब असा आवाज आला. मग थोरला भिंतीवरून आला.

ग्रीस लावलेली दोन माणसं मारामारी करतात तेव्हा अडचण अशी होते की कुणाला कुणाचं काहीच धरता येत नाही. थोरल्यानं गळा धरला, तो सटकला. धाकट्यानं कंबर धरली, थोरला साबणासारखा निसटून खाटेवर पडला. खाट मोडली. आबा खालून म्हणाले, "पुढची याची, मागची त्याची." थोरल्याला शेवटी केस सापडले. केसांना ग्रीस लागलं नव्हतं. केस धरून त्यानं धाकट्याचं तोंड चिखलात दाबलं आणि दाबतच राहिला. धाकट्याच्या नाकातोंडात चिखल गेला, छातीतून घरघर यायला लागली. चाचपडताना त्याच्या हाताला शाफ्टची नळी लागली. ती त्यानं आडवी फिरवली. थोरल्याच्या बरगडीत ती बसली. आता धाकटा वर होता आणि नळी डोक्याच्याही वर.

तेवढ्यात त्याच्या तोंडावर काहीतरी हिरवं, जड, ओलं येऊन फुटलं.

वहिनी फुटक्या कोबीची टोपली घेऊन उभी होती. दुसरा गड्डा तिनं नवऱ्याच्या तोंडावर मारला. तिसरा पुन्हा दिराला. वाटणीत ती कधी चुकायची नाही.

"झालं का?" ती म्हणाली. "तिकडे मी एकटी सकाळपासून गड्डे कापतेय. कंबरेचे दोन तुकडे झाले. त्यांचीही वाटणी करा हवं तर. शेतात डोकी फुटतायत ती पुरेना, म्हणून इथं आणखी फोडताय? आधी कोबी घाला गाडीत, मग एकमेकांना घाला खड्ड्यात. अहो, उठा. भाऊजी, ते खाली ठेवा. लोखंड आहे ते, लागेल कुणाला."

धाकट्यानं नळी खाली ठेवली. थोरला उठला आणि बरगडी धरून आपला तुकडा आणायला गेला.

शाफ्ट जोडायला दोघं समोरासमोर बसले. थोरल्यानं आपला तुकडा पुढं केला. त्याच्या खुणेची अर्धी रेघ वर, आभाळाकडे होती. धाकट्यानं आपली नळी पुढं केली. त्याची अर्धी रेघ बाजूला, भिंतीकडे. पाव वेढ्याचा फरक होता. धाकट्यानं तो बघितला. थोरल्यानं बघितला. धाकट्यानं थोरल्याला बघताना बघितलं.

"फिरव," थोरला म्हणाला.

"तू फिरव. तुझा आखूड आहे."

"तुझा खाली टेकलाय. तुला सोपं."

लोखंड तोंडाशी तोंड लावून थांबलं होतं. मनगट थोडंसं वळवायचं, एवढंच काम. धाकट्याचा गळ्याखालचा ठणका थेट मनगटात उतरला होता आणि मनगट म्हणत होतं, मी का?

"काय अडलंय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

वाटणीपासून दोघांचं उत्तर एक आलं होतं ते हे पहिलंच. वहिनीला त्याचं इतकं बरं वाटलं की तिनं जास्त चौकशी केली नाही. तिनं चिखलातला हातोडा उचलला. "सरका. तुमच्या नादी लागले तर ट्रक जायचा." आणि नळीच्या मागच्या काट्यावर तिनं दोन घाव घातले. खोबणीला खुणेशी काही देणंघेणं नसतं. शाफ्ट सरसर आत गेला.

"बसलं की! एवढ्यासाठी दोन बाप्ये लागतात?"

धाकट्यानं थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं. थोरला त्याच्याचकडे बघत होता. जो आधी बोलेल त्याला उपसून पुन्हा फिरवावं लागणार होतं. दोघांनी बोल्टांकडे हात नेला.

कोबी भरली. वहिनी कापून देत होती, धाकटा एका हातानं झेलत होता, थोरला रचत होता. हौदा काठोकाठ भरला. वहिनी आबांची खाट बांधायला मागं राहिली. थोरला पुढं बसला. धाकटा आपल्या अर्ध्यात, गड्ड्यांच्या ढिगावर, छपराला टेकून उभा राहिला. ऊन कलायला लागलं होतं.

गाडी सुटली. टक् वाजलं नाही. चिमणीही गेली होती. दोघांचेही जॉइंट सुरेख झाले होते, त्यात काही खोट काढायला जागा नव्हती. शेताच्या वाटेवर गाडी हळू होती तोवर खालून नुसती गुणगुण आली. डांबरी रस्ता लागला आणि गुणगुणीची घरघर झाली. उतार लागला. गाडीनं वेग घेतला आणि ती थरथरायला लागली. आधी पत्रा, मग गड्डे, मग धाकट्याच्या पोटऱ्या. सकाळी हललेला दात तेवढ्यात पडला आणि कोबीत हरवला. त्यानं वाकून बघितलं, पण पांढरं म्हणून जे दिसायचं ते कोबीच असायचं.

थांबायला हवं होतं. दोन थापा मारायच्या, थोरला बाजूला घेईल, चार बोल्ट सोडायचे, पाव वेढा फिरवायचा. ट्रक कदाचित थांबेलही. धाकट्याचा हात वर गेला. छपरापर्यंत गेला.

छप्पर थोरल्याचं होतं.

त्यानं मागच्या काचेतून आत बघितलं. पुढच्या आरशात थोरल्याचे डोळे होते आणि ते त्याच्याच हाताकडे बघत होते. थापेची वाट बघत होते. गाडी इतकी हादरत होती की आरशात थोरल्याला चार डोळे आले होते. धाकट्यानं हात खाली घेतला. चारही डोळे बारीक झाले आणि थोरल्यानं वेग वाढवला.

पुढचा जॉइंट उताराच्या मध्यावर तुटला.

तुटलेल्या बाजूचं टोक सुटलं आणि मागची चाकं ते गरागरा फिरवत राहिली. सुटलेला शाफ्ट आधी रस्त्यावर आपटला, ठिणग्या उडाल्या, मग वर आला. थोरल्याच्या पायाखालचा पत्रा गंजला होता, त्यावर त्यानं डब्याचा तुकडा ठोकून भागवलं होतं. शाफ्ट तो डब्याचा तुकडा घेऊनच आत घुसला. धाकट्याला आतून पहिल्यांदा पत्र्याचा आवाज आला. मग दुसरा एक आवाज, कट्, सकाळपासून ऐकत होता तसाच, फक्त जवळून.

गाडी तिरकी होत होत कडेच्या चरात जाऊन टेकली. कोबीचा ढीग धाकट्याला घेऊन रस्त्यावर सांडला. तो गड्ड्यांतून उठला, पडला, पुन्हा उठला आणि निळ्या पट्ट्याच्या पुढं गेला. दार दबलं होतं. त्यानं चांगल्या हाताची मूठ काचेत घातली, आत हात घालून कडी ओढली, दार उपटलं.

थोरला सीटवर ताठ बसला होता. ओठ पांढरे पडले होते. डावा पाय सीटची कड आणि शाफ्ट यांच्यामधे अडकला होता आणि गुडघ्याखाली जिकडे वळू नये तिकडे वळला होता. खाली रक्त थेंब थेंब नाही, धारेनं पडत होतं.

"हलू नको, दादा."

"मी कुठं चाललोय?"

धाकट्यानं शर्ट काढून मांडीभोवती आवळला. पाय ओढून बघितला. थोरला असा ओरडला की कडेच्या झाडावरचे पक्षी उठले. पाय निघत नव्हता. काट्याचं एक बोट नडगीवर बसलं होतं. शाफ्ट थोडा वळला असता तरच सुटका होती. धाकटा गाडीखाली शिरला. नळी गरम होती, तळव्यांची कातडी चिकटली. "ब्रेक सोड," तो खालून ओरडला. वर हालचाल झाली. त्यानं नळी छातीशी धरली, मोडक्या हाडासकट सगळा जीव लावला आणि फिरवली. गाडी वीतभर मागं सरकली. काटा वळला. वरून एक लांब श्वास सुटला.

"फिरवलास?" थोरल्याचा आवाज आला.

"फिरवला."

"मग मघाशी काय झालं होतं तुला?"

"तुला काय झालं होतं?"

यावर वरून आलं ते थोडं रक्त, धाकट्याच्या कपाळावर.

चौकातला ट्रक परत जाताना त्याच रस्त्यानं आला. ड्रायव्हरनं रस्त्याभर लोळणारी कोबी बघितली, मग या दोघांना बघितलं आणि मागचा फाळका पाडला. धाकट्यानं थोरल्याला पाठीवर घेतलं आणि दुसऱ्यांच्या कोबीवर नेऊन आडवं केलं. त्यांचा एक गड्डाही त्या दिवशी ट्रकमध्ये गेला नाही. माणूस तेवढा गेला. ट्रक हलला तसा थोरल्यानं हात बाहेर काढला आणि धाकट्याचा धड असलेला कान पकडला. पिळला नाही. नुसता धरून ठेवला, दवाखान्यापर्यंत.

दवाखान्यात पोलीस चौकीवरचा माणूस आला. अपघात कुणामुळं, त्यानं विचारलं.

"शाफ्टमुळं," धाकटा म्हणाला.

"शाफ्ट कुणी बसवला?"

"मी," दारातून वहिनी म्हणाली. तिनं तोंडाला पदर लावला होता. "अडत होता, मी ठोकला."

दोघा भावांनी छताकडे बघितलं.

"तिला त्यातलं काही कळत नाही," थोरला म्हणाला. "असं काही झालंच नाही. पाय आपोआप मोडला."

"आमच्यात मोडतात असे," धाकट्यानं दुजोरा दिला.

चौकीवरच्या माणसानं तसंच लिहून घेतलं, कारण त्याची चहाची वेळ झाली होती.

पाय वाचला, पण वाकडा आणि आखूड जुळला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, काठी घेऊन. क्लच मात्र आता या पायानं दाबला जाणार नाही. गाडी ओढून घरी आणली होती. ती अंगणात, भिंतीच्या टोकाशी उभी होती. निळा पट्टा तसाच होता. पुढच्या जागेवर वाळलेलं रक्त होतं आणि मागच्या हौद्यात कोबीची काळी पानं. धाकटा नवा क्रॉस आणायला गेला. मावशींनी विचारलं, जोडी? तो म्हणाला, जोडी. घरी येऊन त्यानं शाफ्ट सुटा केला, खूण खुणेला लावली, बसवला. मग पुढचं दार उघडून तिथंच उभा राहिला. आत बसेना.

"बस की," थोरला खाटेवरून म्हणाला. "चावत नाही ती सीट."

"तुझी आहे."

"मी मग हौद्यात बसू? या पायानं?"

"शेजारी बस."

"शेजारची पण माझीच आहे."

"म्हणूनच म्हणतो, बस."

थोरल्यानं काठीनं जमिनीवर थोडा वेळ उकरलं. "कागद आण," तो म्हणाला. "हे असं तोंडी नको. तोंडी वाटणी झाली होती, बघितलंस काय झालं. तुझं अक्षर बरं आहे, तू लिही. मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं, आणि धाकट्यानं निळ्या नखाच्या बोटात पेन धरून लिहिलं:

मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस,

विषय: दोन अर्ध्या मालकांचा एक मालक करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, पुढील अर्ध्या वाहनाचे मालक यांना क्लच दाबता येत नाही व मागील अर्ध्या वाहनाचे मालक यांना मागे उभे राहून ब्रेक लागत नाही. शाफ्टवरील खूण जुळत नसल्याचे उभय मालकांनी पाहिले होते व उभय मालक गप्प बसले होते, म्हणजे त्या वेळी ते एकच होते, यास ठोकणारी साक्षीदार आहे. वाहनावरील निळा पट्टा रॉकेलने पुसून पाहिला, निघत नाही. सबब, सदर पट्टा आपल्या कार्यालयामार्फत अधिकृतपणे पुसण्यात यावा, उभय अर्जदारांना यापुढे सर्व कामी एकच इसम समजण्यात यावे, आणि तसा दाखला कोबीची पुढची लागण होण्यापूर्वी, एकाच प्रतीत, दोघांच्या हाती मिळून देण्यात यावा, ही नम्र विनंती.